डायोक्लीशनची निकोमीडिया

इ.स. २८४ च्या नोव्हेंबरात इराणच्या स्वारीवरून परतणारे रोमन सैन्य निकोमीडिया शहराजवळ येऊन पोचले. तरुण सम्राट न्युमेरियन बंद पालखीत होता. डोळ्यांचे दुखणे आहे, उजेड आणि वारा सोसत नाही, असे त्याचा सासरा एपर बरेच दिवस सांगत होता. एपर हा अंगरक्षक दलाचा प्रमुख, त्यामुळे पडदा उघडून पाहण्याची कोणाची छाती नव्हती. शेवटी पालखीतून येणाऱ्या दुर्गंधीनेच बिंग फोडले. आत सम्राटाचे कुजलेले प्रेत होते. २० नोव्हेंबरला फौज जमली आणि सरदारांनी निवडलेला नवा सम्राट तिच्यापुढे उभा राहिला. त्याने तलवार उपसून सूर्याकडे धरली, न्युमेरियनच्या मृत्यूत आपला हात नाही अशी शपथ घेतली आणि शेजारी उभ्या असलेल्या एपरला सर्वांदेखत स्वतःच्या हाताने ठार केले. हा माणूस म्हणजे डायोक्लीज. दाल्मेशियातल्या, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या, एका सामान्य घरात जन्मलेला आणि शिपाईगिरीतून वर चढलेला. सम्राट झाल्यावर त्याने आपल्या ग्रीक वळणाच्या नावाला रोमन रूप दिले. इतिहास त्याला डायोक्लीशन म्हणून ओळखतो.

सैन्याने उभा केलेला सम्राट ही त्या काळी नवलाची गोष्ट राहिली नव्हती. २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत रोमच्या गादीवर वीसहून अधिक सम्राट येऊन गेले आणि त्यांतले बहुतेक तलवारीने मेले. २६० मध्ये व्हॅलेरियन हा सम्राट इराणच्या शापूर राजाच्या हाती जिवंत सापडला आणि कैदेतच वारला. डॅन्यूब नदीपलीकडून टोळ्या येत, पूर्वेकडून इराणी येत. सम्राट एका सरहद्दीवर गेला की दुसरी उघडी पडे, आणि तिथले हताश सैन्य आपल्याच सेनापतीला सम्राट करून मोकळे होई. डायोक्लीशनचे मोठेपण हे की या रोगाचे मूळ त्याने नेमके ओळखले. एवढे मोठे राज्य एका माणसाला आणि एका राजधानीला पेलणारे नव्हते.

२८५ मध्ये पश्चिमेकडचा प्रतिस्पर्धी कॅरिनस मारला गेला आणि डायोक्लीशन एकटा धनी उरला. तरी त्याने लगेच आपला जुना सोबती मॅक्सिमियन याला सत्तेत घेतले आणि पुढच्या वर्षी त्याला बरोबरीचा 'ऑगस्टस' केले. १ मार्च २९३ पासून दोन ऑगस्टसांच्या हाताखाली दोन 'सीझर' नेमले गेले. पश्चिमेत कॉन्स्टँशियस, पूर्वेत गॅलेरियस. सीझरांना वडिलांनी मुलांना घ्यावे तसे दत्तक घेतले आणि लग्नसंबंधांनी बांधून ठेवले. डायोक्लीशनची मुलगी व्हलेरिया गॅलेरियसला दिलेली होती. इतिहासकार या व्यवस्थेला चतुःसत्ता म्हणतात. कायदा मात्र चौघांच्या नावाने एकच निघे आणि शेवटचा शब्द डायोक्लीशनचा असे. तो स्वतःला ज्युपिटर या देवराजाचा माणूस म्हणवी, तर मॅक्सिमियन पराक्रमी हर्क्युलिसचा. एकाने योजायचे आणि दुसऱ्याने कष्टायचे, हा अर्थ त्या नावांतच होता.

चौघे राहत ते सरहद्दीच्या जवळ. मॅक्सिमियन मिलानला, कॉन्स्टँशियस राइनच्या बाजूला ट्रियरला. डॅन्यूबवर लक्ष ठेवायला सिर्मियम होते आणि इराणवर लक्ष ठेवायला सीरियातले अँटिऑक. डायोक्लीशनने आपले मुख्य ठाणे निकोमीडियात केले. रोम शहर मानाने पहिले राहिले, तिथली सिनेट सभा भरत राहिली, पण कारभार तिथून केव्हाच निघून गेला होता.

निकोमीडिया हे शहर त्याने वसवलेले नाही. इ.स.पू. २६४ मध्ये बिथिनियाचा राजा पहिला निकोमिडीज याने ते मारमारा समुद्राच्या एका लांब, चिंचोळ्या आखाताच्या टोकाला उभारले. आज तिथे तुर्कस्तानातले इझ्मित हे उद्योगनगर आहे. इ.स.पू. ७४ मध्ये शेवटच्या राजाने आपले राज्य मृत्युपत्राने रोमला देऊन टाकले आणि निकोमीडिया रोमन प्रांताचे मुख्य शहर झाले. अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांचा इतिहास लिहिणारा एरियन याच गावचा. त्याने भारतावर 'इंडिका' नावाचा ग्रंथ लिहिला आहे. पोरस आणि झेलमकाठची लढाई यांविषयी आपल्याकडच्या शालेय पुस्तकांत जे येते, त्यातले बरेच या निकोमीडियाकराच्या लेखणीतून आलेले आहे.

शहराच्या नशिबी आगी आणि भूकंप पहिल्यापासून होते. दुसऱ्या शतकाच्या आरंभी धाकटा प्लिनी इथला राज्यपाल होता. त्याने सम्राट ट्रेजनला लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. एका पत्रात निकोमीडियातल्या मोठ्या आगीची हकीकत आहे. वारा जोराचा होता, लोक नुसते उभे राहून पाहत होते आणि गावात ना पाणी फेकायचा पंप होता ना एक बादली. दीडशे माणसांचे अग्निशामक पथक काढू का, असे प्लिनीने विचारले. ट्रेजनने नको म्हणून कळवले. अशा मंडळ्या जमल्या की त्यांचे राजकीय कंपू होतात, साहित्य ठेवा आणि घरमालकांनाच कामाला लावा, असा त्याचा सल्ला होता. दुसऱ्या पत्रात पाण्याच्या कालव्याचे रडगाणे आहे. ३३ लाख १८ हजार सेस्टर्स खर्च करून काम अर्धवट सोडलेले, दुसऱ्या कालव्यावर आणखी २ लाख गेलेले, आणि गावाला पाणी नाहीच. पुढे २५० च्या दशकात गॉथ टोळ्यांनी शहर लुटून जाळले. डायोक्लीशनच्या वाट्याला आलेले शहर असे होते.

मग हेच का निवडले? नकाशा पाहिला की उत्तर मिळते. युरोपातून आशियात जाणारी लष्करी सडक इथून जात होती. इथून डॅन्यूबची आघाडीही गाठता येई आणि युफ्रेटिसचीही. आखात सुरक्षित होते, मागच्या डोंगरांत जहाजांना लागणारे लाकूड मुबलक होते आणि जवळच्याच बेटावर संगमरवराच्या खाणी होत्या. सैन्याला रसद समुद्राने आणता येई. शिवाय त्याच्या राज्याची सुरुवातही याच गावाच्या वेशीबाहेर झालेली होती.

बांधकाम सुरू झाले ते थांबेचना. त्याची हकीकत लॅक्टँशियस या लेखकाने दिली आहे. हा आफ्रिकेतला लॅटिन पंडित. डायोक्लीशननेच त्याला वक्तृत्वशास्त्र शिकवायला निकोमीडियात बोलावून घेतले होते. पुढे तो सम्राटाचा कडवा टीकाकार झाला, म्हणून त्याचा शब्दन् शब्द जपून घ्यावा लागतो, पण तो डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार आहे. इथे सभागृह, तिथे रथशर्यतींचे मैदान, इथे टाकसाळ, तिथे शस्त्रांचा कारखाना, एक वाडा राणीसाठी, एक मुलीसाठी, अशी यादी तो देतो. लोकांना घरेदारे सोडून बायकामुलांसह बाहेर पडावे लागले. प्रांतांकडून मजूर, कारागीर आणि गाड्या वसूल झाल्या. एखादी इमारत पुरी झाली की ती पसंत नाही म्हणून पाडून पुन्हा बांधायची. निकोमीडियाला रोमच्या बरोबरीला आणायचे वेड सम्राटाला लागले होते, असे त्याचे म्हणणे.

या वाड्यांत दरबाराची रीतही बदलली. पहिला सम्राट ऑगस्टस स्वतःला नागरिकांतला पहिला नागरिक म्हणवी आणि लोकांत मिसळे. डायोक्लीशनपुढे मात्र गुडघे टेकून त्याच्या जांभळ्या वस्त्राची कड चुंबावी लागे. पादत्राणांवर रत्ने, भोवती पडदे, आणि भेट मिळालीच तर तोच मोठा सन्मान. हा निव्वळ डामडौल नव्हता. ज्याला रोज शिपाई पाहतात आणि ज्याच्याशी बरोबरीने बोलतात, त्याला मारणे सोपे जाते. मागच्या पन्नास वर्षांचा हा धडा डायोक्लीशनने घेतला होता, आणि त्याच्या वीस वर्षांच्या राज्यात कोणाही शिपायाची तलवार त्याच्यापर्यंत पोचली नाही.

कारभाराची त्याने केलेली फेरमांडणी मात्र राजवाड्यापेक्षा फार टिकाऊ ठरली. सुमारे ५० प्रांत तोडून सुमारे १०० केले. लहान प्रांताचा अधिकारी बंड करण्याइतका बलवान होत नाही आणि त्याचे लक्षही सगळीकडे पोचते. मुलकी कारभार एकाकडे आणि सैन्य दुसऱ्याकडे, अशी विभागणी बऱ्याच ठिकाणी झाली. प्रांतांचे बारा मोठे गट केले, त्यांना 'डायोसिस' म्हणत. पुढे चर्चने हाच शब्द उचलला. वसईच्या ख्रिस्ती समाजात ज्याला धर्मप्रांत म्हणतात, त्या शब्दामागे डायोक्लीशनच्या महसुली दप्तराचा हा शब्द आहे. साऱ्यासाठी जमिनीची प्रतवारी झाली, माणसे आणि जनावरे मोजली गेली आणि दरसालची गरज ठरवून तिची विभागणी होऊ लागली. शतकानुशतके करमुक्त राहिलेल्या इटलीवरही सारा बसला.

याच दप्तरातून सम्राटाच्या नावाने गेलेली हजाराहून अधिक लेखी उत्तरे आज उपलब्ध आहेत. वारसाहक्क, कर्ज, फसवून घेतलेली जमीन, गुलामीतून सुटका अशा तक्रारींवर साध्या माणसांनी, त्यांत कितीतरी बायकांनी, अर्ज केले होते. त्यांना दोनचार ओळींत कायदा समजावून सांगितलेला आहे. डायोक्लीशनला नुसता जुलमी म्हणणाऱ्यांनी ही उत्तरे अवश्य वाचावीत.

लढायांचा निकालही त्याच्या बाजूने लागला. इजिप्तमधले बंड त्याने स्वतः जाऊन मोडले. त्यासाठी अलेक्झांड्रियाला आठ महिने वेढा पडला होता. गॅलेरियस इराणविरुद्ध आधी सपाटून हरला, पण २९८ मध्ये त्याने आर्मेनियात इराणचा राजा नार्सेह याच्या छावणीवर अचानक हल्ला केला आणि राजाचा जनानखानाच पकडला. त्यानंतरच्या तहाने रोमची सरहद्द टायग्रिसपर्यंत गेली आणि पूर्वेला जवळजवळ चाळीस वर्षे शांतता लाभली.

हुकमाने साधणारी कामे त्याने अशी साधली. पण बाजार आणि श्रद्धा या दोन गोष्टी हुकमाला जुमानत नाहीत. तिथे तो हरला.

नाण्यांतली चांदी मागच्या पिढ्यांनी जवळजवळ नाहीशी केली होती. डायोक्लीशनने चांगले सोन्याचे नाणे काढले, एका पौंडात ९६ बसतील असे चांदीचे नाणे काढले, पण रोजच्या व्यवहारातली हलकी नाणी भरमसाट पडतच राहिली आणि भाव चढत गेले. ३०१ च्या अखेरीस त्याने हजाराहून अधिक वस्तू आणि कामे यांचे कमाल दर जाहीर केले. मोडणाऱ्याला देहदंड. आज्ञापत्राच्या प्रस्तावनेत संतापाचा विषय एकच आहे, व्यापाऱ्यांचा हावरटपणा. शिपायाचा पगार आणि बक्षिसी एका खरेदीत संपते, हे सम्राटाला विशेष लागले होते.

हे दर दगडावर कोरून गावोगावी लावले होते. त्यांचे तुकडे, जवळजवळ सगळे पूर्वेकडच्या प्रांतांत, सापडले आहेत आणि ते वाचताना सतराशे वर्षांपूर्वीची पेठ डोळ्यांपुढे उभी राहते. गहू लष्करी मोदियस या मापाला १०० देनारियस, सातू ६०. शेतमजुराला जेवण घालून दिवसाला २५, आणि गटार साफ करणाऱ्यालाही तेवढेच. सुताराला ५०, चित्रे काढणाऱ्याला १५०. न्हाव्याला गिऱ्हाइकामागे २. मुळाक्षरे शिकवणाऱ्या गुरुजींना मुलामागे महिन्याला ५०, हिशेब शिकवणाऱ्याला ७५, भाषा किंवा भूमिती शिकवणाऱ्याला २००. वकिलाने खटला चालवला तर १०००. जांभळ्या रंगात रंगवलेले रेशीम पौंडाला दीड लाख, आणि आखाड्यात सोडायचा पहिल्या प्रतीचा सिंह, त्यालाही दीड लाख. मजुराने चार दिवस राबावे तेव्हा त्याच्या घरी एक माप गहू यायचा. त्या जांभळ्या रेशमाच्या एका पौंडासाठी त्याला ६,००० दिवस, म्हणजे सोळा वर्षांहून अधिक, राबावे लागले असते.

आज्ञापत्राचा परिणाम लॅक्टँशियसने थोडक्यात सांगितला आहे. क्षुल्लक वस्तूंवरून रक्त सांडले, भीतीने माल बाजारातून नाहीसा झाला, महागाई आणखी वाढली आणि शेवटी तो कायदा आपोआप सुटला. साक्षीदार विरोधी असला तरी या बाबतीत त्याच्यावर अविश्वास ठेवायला जागा नाही. इजिप्तमधल्या कागदपत्रांतही भाव पुढे चढतच गेलेले दिसतात.

दुसरा पराभव अधिक रक्तरंजित होता. राज्य टिकायचे तर जुने देव प्रसन्न हवेत, हा डायोक्लीशनचा प्रामाणिक विश्वास होता. ख्रिस्ती लोक त्या देवांना बळी देत नसत. तरी अठरा वर्षे त्याने त्यांना राहू दिले होते. त्यांचे देवालय निकोमीडियात उंचावर, राजवाड्यातून दिसेल असे उभे होते. ३०२-३०३ च्या हिवाळ्यात गॅलेरियसने आग्रह धरला. सम्राटाने आधी टाळले, सल्लागारांना विचारले, अपोलोच्या देवस्थानी कौल लावला आणि अखेर मान्यता दिली.

मुहूर्त म्हणून २३ फेब्रुवारी हा सीमांच्या देवाचा सण निवडला, ख्रिस्ती धर्माला त्या दिवशी सीमा घालायची म्हणून. पहाटे अंधारातच अधिकारी आणि शिपाई देवालयावर गेले, दार फोडले, आत मूर्ती शोधू लागले, ग्रंथ सापडले ते जाळले. दोन्ही राज्यकर्ते वाड्यातून पाहत होते. आग लावा, असे गॅलेरियस म्हणत होता. भोवती मोठमोठी घरे आहेत, आग पसरेल, म्हणून डायोक्लीशनने नकार दिला. मग कुऱ्हाडी घेऊन अंगरक्षकांची रांग पुढे सरकली आणि ती उंच इमारत काही तासांत जमीनदोस्त झाली. दुसऱ्या दिवशी फर्मान लागले. एका माणसाने ते भर चौकात फाडून टाकले आणि त्याला जिवंत जाळण्यात आले. पुढच्या पंधरा दिवसांत राजवाड्यात दोनदा आग लागली. संशयावरून दरबारातले विश्वासू सेवकही छळून मारले गेले, शहराचे बिशप अँथिमस यांचा शिरच्छेद झाला. खुद्द राणी प्रिस्का आणि मुलगी व्हलेरिया यांनाही देवांना बळी देणे भाग पाडले. पश्चिमेत कॉन्स्टँशियसने इमारती पाडण्यापलीकडे फारसे काही केले नाही. पूर्वेत मात्र हा छळ आठ वर्षे चालला आणि तरीही ज्यासाठी आरंभला ते साधले नाही. ३११ मध्ये मरणपंथाला लागलेल्या गॅलेरियसनेच तो मागे घेतला.

३०३ च्या नोव्हेंबरात राज्याची वीस वर्षे साजरी करायला डायोक्लीशन रोमला गेला. तिथल्या लोकांची मोकळी तोंडे त्याला रुचली नाहीत आणि ऐन हिवाळ्यात तो बाहेर पडला. वाटेत आजार जडला. पुढच्या वर्षी निकोमीडियाला पोचला तो पालखीत, आणि डिसेंबरात सम्राट गेला अशी बातमी शहरभर झाली. १ मार्च ३०५ ला तो लोकांपुढे आला तेव्हा ओळखू येत नव्हता.

दोन महिन्यांनी, १ मे ३०५ रोजी, शहरापासून तीन मैलांवरच्या एका उंचवट्यावर ज्युपिटरच्या पुतळ्याजवळ सैन्य जमले. डायोक्लीशनने डोळ्यांत पाणी आणून सांगितले की आपण थकलो आहोत, विश्रांती हवी आहे. त्याच दिवशी मिलानला मॅक्सिमियननेही, मनाविरुद्ध, पद सोडले. नव्या सीझरांत कॉन्स्टँशियसच्या मुलाचे, कॉन्स्टँटाइनचे, नाव येणार याबद्दल कोणाला शंका नव्हती. तो व्यासपीठावरच उभा होता. तेवढ्यात गॅलेरियसने हात मागे करून त्याला बाजूला सारले आणि आपल्या भाच्याला, डाइयाला, पुढे ओढले. डायोक्लीशनने अंगावरचे जांभळे वस्त्र काढून डाइयाच्या खांद्यावर घातले. तो पुन्हा डायोक्लीज झाला आणि गाडीत बसून मायभूमीकडे निघाला. रोमच्या इतिहासात आपण होऊन गादी सोडणारा असा सम्राट आधी झाला नव्हता.

क्रोएशियात स्प्लिट इथे समुद्राकाठी त्याने बांधलेला वाडा होता. चार भिंतींच्या आत छावणीसारखी आखणी, एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत दोनशे मीटरच्या आसपास. तिथे तो बाग लावून राहिला. मॅक्सिमियनने परत राज्यावर येण्याची गळ घातली तेव्हा, मी हातांनी लावलेला कोबी तुम्ही पाहिलात तर हे विचारणार नाही, असे उत्तर त्याने दिल्याचे जुने ग्रंथ सांगतात. पण तिथूनच त्याला आपली चतुःसत्ता कोसळताना पाहावी लागली. दत्तक वारसांपेक्षा रक्ताचे वारस सैनिकांना जवळचे वाटले. ३०६ मध्ये सैन्याने कॉन्स्टँटाइनला उचलून धरले आणि नव्या यादवीला तोंड फुटले. डायोक्लीशन ३१२ च्या सुमारास वारला. प्रिस्का आणि व्हलेरिया यांना काही वर्षांनी पूर्वेचा सम्राट झालेल्या लिसिनियसने ठार मारवले.

निकोमीडिया आणखी काही वर्षे पूर्वेची राजधानी राहिली. कॉन्स्टँटाइनचे तारुण्य याच दरबारात गेले होते. सरहद्दींच्या मध्यावरची, समुद्राकाठची राजधानी कशी असावी हे तो इथेच शिकला. ३२४ मध्ये लिसिनियसचा पराभव करून त्याने सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला, सामुद्रधुनीच्या पलीकडे, आपले शहर आखले आणि ३३० मध्ये कॉन्स्टँटिनोपलचे उद्घाटन झाले. रोमची सत्ता पूर्वेला नेण्याचे श्रेय त्याला मिळते, पण वाट डायोक्लीशनने पाडलेली होती. ३३७ मध्ये कॉन्स्टँटाइनचा मृत्यू झाला तोही निकोमीडियाच्याच उपनगरात, ख्रिस्ती दीक्षा घेऊन. २४ ऑगस्ट ३५८ च्या सकाळी भूकंपाने शहर कोसळले आणि ढिगाऱ्यांना लागलेली आग पाच दिवस धुमसत राहिली. त्यानंतर ते पूर्ववत उभे राहिले नाही.

१७ ऑगस्ट १९९९ च्या भूकंपाने इझ्मित पुन्हा हादरले आणि त्या परिसरात सतरा हजारांहून अधिक माणसे गेली. पडलेल्या इमारतींखाली चुकुरबाग या वस्तीत डायोक्लीशनच्या काळातल्या भव्य वास्तूचे अवशेष वर आले. त्यांतल्या एका संगमरवरी शिल्पपटात दोन पुरुष रथांतून उतरून एकमेकांना मिठी मारत आहेत. वस्त्रांवर जांभळ्या रंगाचे अंश अजून दिसतात. अभ्यासकांच्या मते ते डायोक्लीशन आणि मॅक्सिमियन आहेत.

इजिप्तमध्ये त्याच्या राज्यारोहणाच्या वर्षापासून, २८४ पासून, कालगणना सुरू झाली होती. तिथली कॉप्टिक चर्च ती आजही पाळते, पण तिला हुतात्म्यांचा शक म्हणते. ५२५ मध्ये डायोनिसियस नावाच्या साधूने ईस्टरच्या तारखांची नवी कोष्टके केली. छळ करणाऱ्याचे नाव वर्षांना द्यायचे नाही म्हणून त्याने डायोक्लीशनचा शक टाकून वर्षे ख्रिस्तजन्मापासून मोजली. जुन्या कोष्टकांचा शेवट डायोक्लीशनच्या २४७ व्या वर्षावर होता. नव्या कोष्टकांचे पहिले वर्ष ५३२ होते, आणि आज सर्वत्र चालणारा इसवी सन तिथून सुरू झाला.